मोगरेआळीच्या पाठमोऱ्या लोकांची बखर

श्री. आधी नमन लेखणीस, मग दौतीस, मग ज्या ओट्यावर हे वर्तमान घडले त्या ओट्यास, कारण की तो ओटा आता नाही. शके अठराशे ब्याण्णव, संवत्सराचे नाव साधारण, महिना माघ, ते समयी अमुक एका राज्यात (राज्याचे नाव पुसू नये, राज्यांस आपली नावे बखरीत आलेली खपत नाहीत) राजधानीच्या ऐन मध्यभागी मोगरेआळी म्हणोन रस्ता होता तो मोडला. तो कसा वसला, कसा नांदला, कोणी मोडला, आणि मोडता समयी केवडाबाई नामे एका बाईचे काय जाहले, हे जैसे ऐकिले आणि जैसे पाहिले तैसे लिहिले आहे. जे पाहिले नाही ते लतीफ तांबोळी यांच्या तोंडून घेतले. तांबोळी मजकूर जन्मभर पाने विकीत आले, परंतु स्वतः पान खात नाहीत. पूर्वी खात असत. का सोडले, ते पुढे येईल.

मोगरेआळी म्हणावी तर मोगऱ्याचे रोप औषधास सापडत नसे; गजरे मात्र संध्याकाळी पाट्या भरभरून येत, म्हणोन नाव पडले. मूळ वसाहत जुन्या सरकारांच्या वेळची. तेव्हा एका सरदारांस गाण्याचा षोक जाहला आणि घरची मंडळी नाखूष जाहली, मग सरदारांनी वेशीबाहेर घरे बांधून गाणाऱ्या बाया आणोन वसविल्या, आणि बाया आल्या तेव्हा तबलजी आले, तबलजी आले तेव्हा तांबोळी आले, मागोमाग अत्तरवाले, सोडावाले, जुगारी, पैलवान, आणि वाट चुकून आलो म्हणणारे, ऐसे होता होता रस्ता गजबजला. मग सरदार वारले, सरकारे बदलली, वेस पडली, आणि शहर वाढत वाढत येऊन आळीस चोहोकडून वेढा घालून बसले, आणि मग तेच शहर म्हणो लागले की ही घाण आमच्या मध्यभागी कोठून आली. बदनामी ऐसी की सभ्य गृहस्थ या रस्त्याचे नाव घेत नसत, नुसते 'तिकडे' म्हणत. परंतु 'तिकडे' म्हणता समयी हात नेमका त्या दिशेस करीत, यावरून वाट सर्वांस ठाऊक होती ऐसे दिसते.

आळीने लढायाही बहुत पाहिल्या. त्यांतील थोर लढाई सोड्याची. पूर्वेच्या तोंडास बाळोजी सोडावाले आणि पश्चिमेच्या तोंडास इस्माइलखान सोडावाले, उभयतांची गोटीच्या बाटल्यांची दुकाने, आणि कोणाच्या सोड्याने ढेकर थोर येते यावरून वाद मातला. मग उभयपक्षी फौजा जमल्या आणि बाटल्या तोफगोळ्यांप्रमाणे चालल्या, काचांचा सडा पडला, पोलीस आले ते बाळोजीच्या फळीखाली शिरले, आणि रणाचा रंग ऐसा की आता आळी राहत नाही. तेव्हा मधल्या घराच्या गच्चीत केवडाबाई आली. वर्ण सावळा, अंग आडवे, आवाज जाड आणि कितीही वर नेला तरी न फाटणारा. तिने खाली पाहिले, ओरडली नाही, हात जोडले नाहीत, कानावर हात ठेवून भैरवी सुरू केली. भैरवी झाली म्हणजे मैफल आटोपली, हे आळीच्या हाडात मुरलेले. मग लढणारे लोक हातातल्या बाटल्या खाली ठेवून, अंगरखे झटकून, सवयीने आपापल्या घरी गेले. तह लिहावा लागला नाही. तेथून केवडाबाईचा दबदबा वाढला, आणि बाईस तो पुरेसा होता, कारण की दुसरे सुख तिच्या वाट्यास फारसे आले नाही.

आता या आळीची एक रीत होती ती सांगितल्याखेरीज पुढचे कळावयाचे नाही. बहुत वर्षांमागे जमना म्हणोन गाणारीण होती, तिने आपली लेक गुलाब बोलू लागताच आळीबाहेर एका सोनाराच्या घरी दिली. नाव बदलले, कूळ बदलले, मुलगी थोर जाहली, लग्न ठरले. मग एके दिवशी ती होणाऱ्या सासूबरोबर आळीच्या तोंडावरून चालली असता माडीवरून एका म्हाताऱ्या शेजारणीने नुसत्या मायेने म्हटले, "गुलाब, किती गं मोठी झालीस." एवढेच. मुलीने नकळत मान वर केली, सासूने ते पाहिले, लग्न मोडले, आणि मुलगी विहिरीत सापडली. ती म्हातारी त्याउपरि कोणाशी बोलली नाही. मग सारी आळी देवीच्या पारावर जमली, हिंदू होते, मुसलमान होते, ज्यांस आपला धर्म आठवत नव्हता तेही होते, आणि हळद उचलून सर्वांनी शपथ घेतली की जे लेकरू आळीबाहेर दिले ते पुन्हा दिसताच लहानथोर सर्वांनी त्यास पाठ द्यावी. हाक मारू नये, हसू नये, ओळखीचा डोळा देऊ नये, आणि जिने जन्म दिला तिने तर भिंतीस कपाळ लावून उभे राहावे. म्हणजे आळीस हे लेकरू ठाऊक आहे ऐसे जगात कोणी म्हणणार नाही. बाहेर पाठ फिरविली म्हणजे माणूस तोडले. आळीत पाठ दिली म्हणजे माणूस जपले. भांडणात कोणी कोणास पाठ केली तर आजूबाजूचे म्हणत, आता एवढी माया कशाला. इशारत देण्याचे काम कोपऱ्यावरच्या तांबोळ्याकडे आले. ऐसे लेकरू दिसताच त्याने अडकित्ता पानाच्या डब्यावर वाजवावा, आणि ते दूर गेले म्हणजे पुन्हा वाजवावा. बापाच्या मागे हे काम लतीफभाईंकडे आले आणि त्यांनी ते इमानाने चालविले.

केवडाबाईस एकच लेक जाहली, तिचे नाव शेवंती. मानेच्या खाली, पाठीच्या सुरुवातीस, काळा तीळ. केवडाबाई न्हाऊ घालता समयी तेथे तेल चोळी आणि चोळून झाले म्हणजे ओठ टेकी, आणि मुलगी गुदगुल्या होऊन पाण्यात लाथा मारी. ऐसी ती बोलू चालू लागली, आणि एके सायंकाळी माडीवर आलेल्या एका गृहस्थाने तिची हनुवटी धरून म्हटले की ही पुढे आईचे नाव काढील. त्या दिवशी केवडाबाईचे गाणे झाले नाही. मग सरकारी दवाखान्यात खैरे म्हणोन कंपौंडर होते, सालस मनुष्य, आळीतील बायांस औषध देता समयी नजर खाली ठेवणारे, त्यांस आणि त्यांच्या कुटुंबास, अनुसूयाबाईस, मूलबाळ नव्हते. केवडाबाई त्यांच्या दारी गेली, उंबरठ्याबाहेर उभी राहिली आणि मुलीचा हात पुढे केला. बोलणे फार जाहले नाही. शेवंतीची वत्सला जाहली, आणि केवडाबाई परत आली ती न्हाणीघराचे दार लावून बसली, आणि आळीने त्या दिवशी आपण होऊन साजिंदे उठविले.

परंतु खैरे यांचे मन मोठे. त्यांनी आपल्या बुद्धीने एक तोड काढिली. दर दसऱ्यास मुलीस घेऊन ते आळीच्या कोपऱ्यावर लतीफभाईंच्या ठेल्याशी येत आणि तिच्यासाठी गोड बडीशेप घेत, आणि घेता घेता तिला मुद्दाम बोलके करीत, शाळेत काय शिकविले, कविता म्हणून दाखव, मामांना सोने दे. अडकित्ता वाजे, आळी पाठ देई, आणि केवडाबाई कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीस कपाळ लावून उभी राही, पाठीमागे हातभर अंतरावर आपली लेक बोलते आहे ते ऐकत. पहिल्या वर्षी मुलीस र म्हणता येत नव्हता. पुढल्या वर्षी आला, तेव्हा केवडाबाईने भिंतीशीच डोळे पुसले. एके वर्षी मुलीने विचारिले, "बाबा, ही सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून का उभी आहेत?" खैरे म्हणाले, "त्यांची नमस्काराची वेळ असते, बाळ." तेव्हा मुलीनेही कोवळे हात जोडून त्या सगळ्या पाठींस नमस्कार केला, हे लतीफभाईंनी पाहिले आणि मागाहून सांगितले, आणि केवडाबाई ते पुन्हा पुन्हा सांगावयास लावी. मुलगी गेली म्हणजे तिने दिलेले आपट्याचे पान लतीफभाई केवडाबाईच्या हाती देत, ते ती अंबाड्यात खोवी, गजरा त्या दिवशी माळीत नसे. चेहरा मात्र तिने कधी पाहिला नाही. शपथ होती, आणि शपथेहून भीती थोर होती, की एकदा पाहिले म्हणजे आपल्याच्याने हाक मारल्यावाचून राहवणार नाही. मग एके दसऱ्यास तो आवाज म्हणाला, बडीशेप नको, लवंग द्या, आणि केवडाबाईने जाणिले की लेक थोर जाहली. त्याउपरि खैरे वारले आणि येणे बंद पडले. केवडाबाई पुढे कित्येक दसरे त्या भिंतीशी सकाळपासून उभी राहत असे. आवाज बसला, मैफली सरल्या, आता ती ओट्यावर गजरे गुंफीत असे, आणि आळीही तिच्यासारखीच थकली होती.

मग साधारण संवत्सर आले. नगरदरबारच्या थोर कारभाऱ्यांच्या मनात आले की राजधानीचे तोंड उजळावे, आणि तोंड उजळावयाचे तर आधी डाग पुसावा. हुकूम निघाला की मोगरेआळी पाडून तेथे रुंद राजमार्ग करावा, त्यास एखादे सज्जन नाव द्यावे, आणि तेथील लोकांस नदीपलीकडे पत्र्याच्या चाळींत नेऊन ठेवावे. हुकुमावर सही करणारांत आळीची पायरी झिजविलेले कोण कोण होते, ते आळीस ठाऊक होते; परंतु आळी कोणाचे नाव सांगत नसते. विरोध फारसा जाहला नाही. बाळोजी आणि इस्माइलखान, आता उभयता म्हातारे, एकाच हातगाडीवर सामान रचू लागले. पाडावयाचे आदल्या दिवशी कारभारी आले, मोजणीवाले आले, वर्तमानपत्रांचे लोक गळ्यात कॅमेरे अडकवून आले, आणि ज्यांनी हा रस्ता दिवसाउजेडी कधी पाहिला नव्हता ऐसे सभ्य लोकही बायकामुले घेऊन आळीच्या तोंडाशी गर्दी करून उभे राहिले, जैसे हत्तीचे प्रदर्शन असावे.

त्याच दिवशी दोन प्रहरी वत्सला आली. अनुसूयाबाईंनी अंतकाळी तिला सर्व सांगितले होते, तुझी आई अमुक, राहते अमुक ठिकाणी. पाठीची रीत मात्र सांगावयाची राहिली, श्वास पुरला नाही. लग्न होऊन तिला फार दिवस जाहले नव्हते, नवऱ्याची बदली दूर मुलखात जाहली होती, आणि आळी पाडणार हे वर्तमानपत्रात वाचून ती आईस नेण्यासाठी आली होती, काखेत नवे लुगडे घेऊन. रिक्षा कोपऱ्यावर उभी राहिली, नवरा रिक्षाशी थांबला आणि ती एकटी आत चालली. लतीफभाईंनी तिला ओळखिले. दसऱ्यांची ओळख ती, चुकते कोठे. मागे गर्दी, गर्दीत कॅमेरे. त्यांनी अडकित्ता असा वाजविला की डब्याचे झाकण चेपले. आणि सारी आळी फिरली. डोईवर हंडे घेऊन चाललेल्या बाया फिरल्या, हातगाडीवर चढलेले इस्माइलखान वरच्या वर फिरले, आंधळा तबलजी आवाज ऐकून आपण होऊन भिंतीकडे फिरला. केवडाबाई दाराशी पाटा धूत होती. तिने ओले हात तैसेच भिंतीस टेकले आणि कपाळ लावले.

वत्सला रस्त्याच्या मध्यावर उभी राहिली. एकीकडे पाठी, दुसरीकडे पाठी. तिने केवडाबाई कोठे राहतात म्हणोन विचारिले, एकाही पाठीने उत्तर दिले नाही. ती मधल्या घरापर्यंत आली, तेथे ओट्यावर, दारात, जिन्यावर बाया भिंतीकडे तोंड करून उभ्या, आणि त्यांतील कोणती आपली आई हे तिला कळावयास मार्ग नाही. तेव्हा ती बोलली, "मी वत्सला खैरे. इथली शेवंती. आई यांच्यातली कोण, मला माहीत नाही. जी असेल तिनं एकदा इकडं बघावं. मी न्यायला आलेय." आपल्या तोंडाने तिने ते टाकलेले नाव घेतले तेव्हा आळीच्या अंगावर काटा आला. केवडाबाई सर्वांत जवळ, हातभर अंतरावर. तिची नखे भिंतीच्या चुन्यात रुतली. मनात आले की वळावे. आणि लगोलग मनात आले की वळले तर ही गळ्यात पडेल, आणि तोंडाशी ते कॅमेरेवाले उभे आहेत, आणि उद्या साऱ्या राजधानीत हिचा चेहरा छापून येईल, सासर असेल ते वाचील, नवरा असेल तो वाचील, आणि विहिरी शहरात अजून आहेत. म्हणोन ती वळली नाही. वत्सला बहुत वेळ थांबली. मग म्हणाली, "बरं. नसेल बघायचं तर नका बघू," आणि लुगडे ओट्यावर ठेविले, आणि गेली. तिची पावले आली तेव्हा झपझप होती, गेली तेव्हा ओढत गेली. केवडाबाईने ती पावले शेवटपर्यंत ऐकिली.

आता पानाची गोष्ट. वत्सला रिक्षात जाऊन पदरात तोंड खुपसून बसली आणि तिचा नवरा लतीफभाईंच्या ठेल्याशी आला. भालचंद्र त्याचे नाव, सरळ मनुष्य. तो म्हणाला, "एकीनंही बघितलं नाही हो तिच्याकडं. एवढा कसला राग आहे यांचा? मला सगळं माहीत आहे, माझ्या आईलाही सांगूनच लग्न केलंय. सासूबाईंसाठी खोलीसुद्धा बघून ठेवलीय तिकडं. उद्या दुपारच्या गाडीनं निघतो आम्ही." लतीफभाईंच्या तोंडात नुकताच लावलेला विडा, तोंड रसाने भरलेले. हे ऐकोन त्यांस इतके एकदम बोलावयाचे जाहले की काहीच बोलता येईना, आणि ते पिंक टाकावयास वळले. टाकून पाहतात तो भालचंद्र रिक्षात बसला आणि रिक्षा गर्दीत शिरली. ते धावले, हाका मारिल्या, परंतु त्या गर्दीत सर्वच हाका मारीत होते. तेथून तांबोळ्यांनी पान सोडले ते आजतागायत.

मग ते केवडाबाईकडे आले. ती अजून भिंतीशीच होती, कारण की दुसऱ्या वेळेस अडकित्ता वाजला नव्हता, आणि आळीही तैसीच उभी होती. त्यांनी हात धरून तिला वळविले आणि सर्व सांगितले. केवडाबाईने विचारिले, "तिला ठाऊक होतं?" ते म्हणाले, सगळे. तिने विचारिले, "आणि त्यालाही?" ते म्हणाले, त्यालाही, त्याच्या आईलाही. केवडाबाई ओट्यावर बसली, लुगड्यावर हात ठेविला, आणि म्हणाली, "मग आपण कुणापासून जपलं, लतीफभाई?" गुलाबच्या वेळेस जग जैसे होते तैसेच ते राहील ऐसे आळीने धरले होते, आणि जगात एखादा भालचंद्र निपजेल हा हिशेब कोणी केला नव्हता. बदनाम माणसांस आपल्या वाट्याचा चांगुलपणा ओळखू येत नाही, सवय नसते.

दुसरे दिवशी सकाळी लोखंडी यंत्रे आली आणि आळीच्या पूर्व तोंडापासून पाडीत निघाली. केवडाबाईने ते पाहिले नाही. तिने स्नान केले, लेकीचे लुगडे नेसली, हिरवे, काठ जांभळा, आणि लतीफभाईंस म्हणाली, "समोरून कसं उभं राहायचं, मला येत नाही. तुम्ही शेजारी असा." मग उभयता स्टेशनाकडे निघाली. यंत्रांमुळे वाहने अडली होती, म्हणोन पायी. वाटेत ती घोकत चालली होती की आधी काय म्हणावे, शेवंती म्हणावे की वत्सला म्हणावे, चुकले माझे म्हणावे की नुसते बाळ म्हणावे. स्टेशनात पोहोचली तो गाडीने शिटी दिलेली. लतीफभाई डबे पाहत पुढे धावले, आणि एका खिडकीशी थांबून त्यांनी हात केला. केवडाबाई धापा टाकीत त्या खिडकीसमोर येऊन उभी राहिली, समोरून, तोंडासमोर तोंड.

भालचंद्राने हिरवे लुगडे ओळखिले आणि बायकोचा खांदा हालविला. वत्सलाने पाहिले. केवडाबाईने पाहिले. जो आवाज सोड्याच्या तोफांवर चढला होता तो त्या समयी घशातून वर येईना. घोकलेले सर्व विसरले, नुसते ओठ हालले. वत्सलाचे डोळे भरले, ओठ घट्ट मिटले, आणि तिने खिडकीकडे पाठ केली. गाडी हालली. लतीफभाई खिडकी धरून चार पावले धावले, म्हणाले की बाई, वळ, तुला ठाऊक नाही, परंतु म्हाताऱ्याचा दम तो किती, आणि फलाट सरला. त्यांनी त्या मुलीचा चेहरा जवळून पाहिला होता. तो राग होता, आदले दिवशी इतक्या पाठींनी झिडकारलेल्या लेकराचा राग, आणि त्यात दुसरे काही नव्हते. आता केवडाबाईस काय सांगावे या विवंचनेत ते माघारी फिरले, तो बाई फलाटावर उभी राहून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी चालले होते ते पुसतही नव्हती.

ती म्हणाली, "पाहिलंत ना? पाठ दिली मला. चारचौघांत, भरल्या डब्यात, आपल्या रीतीनं. कुणी शिकवलं नाही तिला, पण दिली." मग म्हणाली, "बरं झालं दिली. चेहरा मी कुठं ओळखणार होते, लतीफभाई. पाठ ओळखली. तीळ आहे अजून तिथंच." लतीफभाईंनी मान हालविली आणि होय म्हटले. जन्मात एवढे थोर खोटे ते बोलिले नव्हते, ऐसे ते सांगतात, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन ऐसेही सांगतात.

परत आली तो मधले घर पडले होते. केवडाबाईने त्याकडे पाहिले, धुरळा उडत होता म्हणोन पदर नाकास लावला, आणि पडलेल्या भिंतीजवळ उभ्या असलेल्या बायांस लेकीची हकीकत सांगो लागली. नदीपलीकडच्या पत्र्याच्या चाळीत गेल्यावरही तेच. जो येई त्यास सांगे, माझ्या लेकीने मला पाठ दिली. बाया ऐकत, एकमेकींकडे पाहत, आणि म्हणत, नशीबवान हो तुम्ही, केवडाबाई. बाळोजींनी ऐकिले, इस्माइलखानांनी ऐकिले, आंधळ्या तबलजीने तर इतक्या वेळा ऐकिले की कोठे थांबावे हे त्यास ठेक्याप्रमाणे पाठ जाहले. लतीफभाईंच्या चेहऱ्यावरून खरे काय ते सर्वांनी ओळखिले होते, आणि एकही मनुष्य एक शब्द बोलला नाही. केवडाबाईस कधी शंका आली की नाही, हे सांगता येत नाही. एकदाच ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली की गाडी अजून थोडी थांबली असती तर बरे होते. मग पुन्हा थापू लागली.

भाद्रपदात तिला ताप आला आणि ती गेली. दसरा पाहिला नाही. तिरडी चालली तेव्हा आळीची माणसे चाळीच्या रस्त्यास दुतर्फा उभी राहिली, आणि तिरडी समोर येताच कोणी इशारत न देता सर्वांनी पाठ दिली. तेथे नव्याने राहावयास आलेले शेजारी होते, त्यांस ही रीत कोठून ठाऊक. ते आपसांत म्हणाले की काय ही माणसे, मेलेल्या बाईकडेही बघवत नाही यांच्याच्याने. आळीने ते ऐकिले आणि आपण होऊन कोणास काही समजाविले नाही. रडत होती ती भिंतीकडे तोंड करून रडली.

एकंदर हकीकत इतकीच. मोगरेआळी मोडली, राजमार्ग जाहला, रुंद आहे, दुतर्फा दिवे आहेत, आणि त्यास जे सज्जन नाव दिले ते कोणाच्या तोंडी बसले नाही, लोक अजून 'तिकडे' म्हणतात. लतीफ तांबोळी दर दसऱ्यास नदी ओलांडून त्या कोपऱ्यावर जातात आणि रस्त्याकडे तोंड करून बसतात. ठेला नाही, अडकित्ता नाही. कधीकाळी वत्सला आली तर तिला सांगावयाचे एक वाक्य त्यांनी तोंडात तयार धरून ठेविले आहे, की बाई, त्या दिवशी तुझ्या सर्वांत जवळ भिंतीला कपाळ लावून उभी होती ती तुझी आई. तोंड दुसऱ्या कशाने भरलेले असू नये, म्हणोन पान खात नाहीत. गेल्या दसऱ्यापर्यंत ती आली नव्हती. लिहिले तेवढे खरे, राहिले ते तांबोळ्यांपाशी.